कासाराची मुलगी आणि देवीचं नाणं

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा गावांना वेशी होत्या, वेशींना दारं होती, आणि राजा आपल्या माणसांना चेहऱ्याने ओळखत असे. डोंगराआडच्या अशाच एका छोट्या राज्यात एक कासार राहत होता. त्याला एकच मुलगी होती, आणि ती फार दचकायची.

दचकायची म्हणजे किती? शेजारच्या घरात पातेलं पडलं की ही आपल्या घरात उठून उभी राहायची. कुत्रं भुंकलं की हातातलं सांडायची. बापाने हाक मारली तरी आधी दचकायची आणि मग ‘ओ’ द्यायची. कुणी तिला हसलं, कुणी अंगारा लावला. फरक काही पडला नाही.

आता कासाराच्या घरात असं कसं चालेल? बांगड्या भरायच्या म्हणजे सगळं काम हातांचं. बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, तिचा अंगठा आत दुमडायचा, अंगठ्याखालचा मऊ उंचवटा दाबायचा, आणि बोलता बोलता बांगडी अलगद मनगटावर उतरवायची. मुलीला हे सगळं येत होतं. कुठला हात मऊ आहे, कुठला आखडलाय, कुठल्या हाताला कुठलं माप चढेल, ते ती लांबूनच सांगायची. पण बांगडी नेमकी चढत असताना रस्त्यावर कुणीतरी खाकरायचं, ही दचकायची, आणि काच फुटायची. एकदा तर एका नव्या नवरीच्या मनगटातून रक्त आलं.

त्या दिवशी बाप म्हणाला, "बाळ, तू आता भरायला बसू नकोस. तू आपली दोऱ्यात बांगड्या ओवून ठेव."

मुलगी दोरा घेऊन ओवायला बसली. पण तिला ते फार लागलं.

त्या गावच्या आठवडी बाजारात एक म्हातारी नाण्यांचे खेळ करायची. चिंचेखाली गोणपाट अंथरायची आणि ओरडायची, "या गं, या रे! फसायला या! आधी सांगते आणि मगच फसवते!" माणसं हसत भोवती बसायची. म्हातारी एक ढब्बू पैसा उजव्या हातातून डाव्या हातात द्यायची, डावी मूठ वळायची, तिच्यावर फुंकर मारायची. मूठ उघडली की आत काही नाही! मग तोच पैसा ती कुणाच्या फेट्यातून काढायची, कुणाच्या कानामागून.

एका बाजारच्या दिवशी खेळता खेळता तिचा पैसा निसटला, दगडावर आपटला आणि टणटणत लांब गेला. कासाराची मुलगी सवयीप्रमाणे दचकली. मग तिने वाकून तो उचलला आणि उलटापालटा करून पाहिला. त्याला साधी चीरही गेली नव्हती.

खेळ संपल्यावर ती म्हातारीजवळ गेली. "मावशी, मला हे शिकवाल?"

म्हातारीने तिला नखशिखान्त न्याहाळलं आणि एकदम टाळी वाजवली. मुलगी हातभर मागे उडाली.

"अगंबाई! तू तर टोळ आहेस टोळ. तुला कशाला गं हवंय हे?"

"कारण पैसा पडला तरी फुटत नाही," मुलगी म्हणाली.

म्हातारी आधी हसली. मग हसायची थांबली. "बस," ती म्हणाली.

पहिला धडा दडवण्याचा. पैसा तळव्याच्या मधोमध ठेवायचा आणि अंगठ्याखालच्या उंचवट्याने तो दाबून धरायचा. बोटं मोकळी सोडायची. त्याच हाताने केस मागे सारायचे, पाणी प्यायचं, कुणी भेटलं तर रामराम करायचा. पैसा हलता कामा नये. मुलगी तो पैसा तळव्यात धरून बांगड्या ओवू लागली. पहिल्या दिवशी तो इतक्या वेळा पडला की बाप म्हणाला, "घरात काय पैशांचं झाड लावलंयस का?"

दुसरा धडा पैसा चालवण्याचा. तर्जनीच्या पाठीवरून मधल्या बोटावर, मधल्यावरून अनामिकेवर, तिथून करंगळीवर, आणि मग खालून अंगठ्याने परत आणायचा. याने काही फसवता येत नाही. याने बोटं शहाणी होतात.

तिसरा धडा सगळ्यात अवघड: खोटं देण्याचा. उजव्या हाताने डाव्या हातात पैसा ठेवल्यासारखं करायचं आणि ठेवायचा नाही. डावी मूठ रिकामीच वळायची. मुलीला वाटलं, यात काय मोठं? पण तीन महिने म्हातारी तिला ओरडत होती.

"ही काय मूठ झाली? लिंबू पिळतेस का? अगं, पैशाला काय पंख आहेत? ज्याच्या हातात खरंच पैसा असतो त्याची मूठ सैल असते. आत काही नाही हे ज्याला ठाऊक असतं, तोच ती इतकी आवळतो."

मुलगी मूठ सैल करायची.

"आणि हा उजवा अंगठा बघ! खुंटीसारखा उभा. सगळा बाजार म्हणेल, हिथं काहीतरी टांगलंय."

मुलगी अंगठा खाली घ्यायची. तेवढ्यात शेळी ओरडायची, ही दचकायची, आणि पैसा गोणपाटावर पडायचा.

"मावशी, माझं हे दचकणं कधी जाईल?" तिने एकदा रडकुंडीला येऊन विचारलं.

"मला काय ठाऊक? मी वैदू आहे का? दचक की! खांदे उडू देत, डोळे मोठे होऊ देत. बोटांना तेवढं सांगून ठेव, की बायांनो, आमचं काय व्हायचं ते होऊ दे, तुम्ही आपलं काम करा. आणि आवाज झाला की आवाजाकडे बघत जाऊ नकोस. हाताकडे बघ."

मग म्हातारीने नवीनच छळ सुरू केला. मुलगी सराव करत असली की ही मागून ताट आपटायची, कानाशी शीळ घालायची, मडकं फोडायची. मुलगी प्रत्येक वेळी दचकली. वर्ष सरलं तरी दचकतच होती. पण एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपण उडालो, पैसा मात्र जागच्या जागी आहे.

तेव्हा म्हातारीने शेवटची गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "सांगून फसवायचं, पोरी. न सांगता कधी नाही. या हातांनी ज्या दिवशी कुणाला न सांगता फसवलंस, त्या दिवसापासून माझं नाव घेऊ नकोस."

आता त्या राज्याची एक रीत ऐका.

तिथे न्यायनिवाड्याचं काम दिवाणजींकडे होतं. एखाद्या तक्रारीचा उलगडा झाला नाही की देवळासमोर देवीचा कौल लावत. देवीच्या पायाशी एक चांदीचं नाणं असे. दिवाणजी ते उजव्या हातातून डाव्या हातात घेत आणि डावी मूठ आरोपीच्या डोक्यावर धरत. पुजारी मोठी घंटा वाजवी. घंटा वाजली की सगळ्यांनी तिच्याकडे बघून हात जोडायचे, असा नेम होता. मग दिवाणजी मूठ उघडत. मुठीत नाणं असलं तर माणूस निर्दोष. नसलं तर देवीने ते परत घेतलं, म्हणजे माणूस दोषी. त्यानंतर दिवाणजी गाभाऱ्यात जाऊन वाकत, आणि नाणं देवीच्या पायाशी सापडलं म्हणून बाहेर आणून दाखवत. लोकांच्या अंगावर काटा येई.

दोषी ठरलेल्याला राज्याबाहेर जावं लागे. त्याची जमीन बहुतेक वेळा दिवाणजींच्या मळ्याला लागून असे. हे सगळ्यांना दिसत होतं. बोलत कुणी नव्हतं.

एका बाजारच्या दिवशी म्हातारीने पैसा नाहीसा केला, आणि गर्दीतला एक तेली मोठ्याने म्हणाला, "अगं म्हातारे, हे तर आपल्या दिवाणजींच्या कौलासारखंच झालं की!"

सगळे खो खो हसले. मग एकाने दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि हसू थांबलं. तेली घाईघाईने घरी गेला. म्हातारीनेही गोणपाट गुंडाळलं.

पण बोललेलं दिवाणजींच्या कानावर गेलंच. तीनच दिवसांनी पुजाऱ्याने ओरड केली की देवीची नथ चोरीला गेली. दिवाणजी म्हणाले, "हातचलाखी करणारी या गावात एकच आहे. तिला धरा. उद्या सकाळी कौल लावू. दोषी ठरली तर उजव्या हाताची बोटं छाटून वेशीबाहेर काढू."

मुलीने हे ऐकलं तेव्हा तिच्या हातातली बांगड्यांची माळ गळून पडली.

सकाळी ती निघाली तशी बाप आडवा आला. "तू नको जाऊस. आपण बांगड्या विकणारी माणसं. आपल्याला सगळ्यांचे हात धरावे लागतात."

"म्हणूनच मला हात कळतात, बाबा."

"अगं, कुत्रं भुंकलं तरी तू..."

"हो," मुलगी म्हणाली, "तरीही जाते." आणि गेली. दारातून बाहेर पडताना कडी वाजली, तिलाही ती दचकली.

देवळासमोर सगळं गाव जमलं होतं. राजा पारावर बसला होता. तो म्हातारा होता, मनाने वाईट नव्हता, पण वडिलांच्या काळापासून चालत आलेलं सगळं बरोबरच असणार, अशी त्याची समजूत होती. म्हातारीला खाली बसवलं होतं. शेजारी एक शिपाई कुऱ्हाड घेऊन उभा होता.

दिवाणजींनी चांदीचं नाणं सगळ्यांना दाखवलं. उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं. मूठ म्हातारीच्या डोक्यावर धरली. घंटा घणाणली.

सगळ्या माना घंटेकडे वळल्या. मुलगी तर जागीच उडाली. पण वर्षभर ताटामडक्यांच्या आवाजांत तयार झालेले तिचे डोळे घंटेकडे गेलेच नाहीत. ते दिवाणजींच्या हातांवर होते. आणि तिने पाहिलं: डावी मूठ लिंबू पिळावं तशी आवळलेली, आणि उजव्या हाताचा अंगठा खुंटीसारखा ताठ.

तिला आधी भीती नाही, नवल वाटलं. इतकी कच्ची चलाखी! मग तिला कळलं. तिच्या चुका काढायला मावशी होती. दिवाणजींना ‘चुकलात’ असं म्हणणारं तीस वर्षांत कुणी भेटलंच नव्हतं.

दिवाणजींनी डावी मूठ उघडली. रिकामी. शिपायाने कुऱ्हाड सावरली.

"उजवा हात उघडा!"

कुणीतरी ओरडलं. तो आपलाच आवाज आहे हे कळून मुलगी पुन्हा दचकली.

"कोण ती?" दिवाणजी गरजले.

"कासाराची दचकी पोर," कुणीतरी म्हणालं, आणि चार जण हसले.

दिवाणजी उत्तर न देता गाभाऱ्याकडे निघाले. मुलगी धावली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. तिचे गुडघे एकमेकांवर आपटत होते, ते मागच्या रांगेतल्यांनाही दिसलं.

"बाजूला हो. मला देवीला हात जोडायचेत."

"आधी उघडा," मुलगी म्हणाली, "मग जोडा."

आता कुणी हसलं नाही. दिवाणजी राजाकडे वळले. "महाराज, तीस वर्षांच्या सेवेचं हे फळ?"

राजाने कपाळाला आठ्या घातल्या. "पोरी, आम्ही हा कौल वाडवडिलांपासून मानत आलो. तू देवीला खोटं ठरवतेस?"

"देवीला नाही, महाराज. दिवाणजींच्या अंगठ्याला."

"आणि तुझंच खोटं निघालं तर?"

मुलीने म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी मान हलवून ‘नको, नको’ म्हणत होती. "तर माझीही बोटं छाटा," मुलगी म्हणाली. "पण त्याआधी मला एक कौल लावू द्या. तुमच्यावर."

गर्दीतून ‘अगं आई!’ असा आवाज आला. राजा मात्र दिवाणजींना जागीच थांबायची खूण करून म्हणाला, "लाव."

मुलीने पाराजवळ येऊन कमरेचा ढब्बू पैसा काढला. "मी आधीच सांगते. मी फसवणार आहे. सगळ्यांनी नीट बघा." तिने पैसा उजव्या हातातून डाव्या हातात दिला. मूठ राजाच्या मुकुटावर धरून ती म्हणाली, "देवीची नथ महाराजांनी चोरली का?"

एका शिपायाला हे सहन झालं नाही. त्याने भाला दगडावर दाणकन आपटला. मुलगी अशी उडाली की तिचा पदर खांद्यावरून सुटला. म्हातारीने डोळे घट्ट मिटले, आता पैसा पडल्याचा आवाज येणार म्हणून.

आवाज आला नाही.

मुलीने मूठ उघडली. रिकामी. "देवी म्हणते, नथ तुम्ही चोरलीत."

तलवारी उपसल्या गेल्या. राजाने हात वर केला. मुलीने दुसरा हात उघडून लपवलेला पैसा दाखवला, पुन्हा उजव्या हातातून डाव्या हातात दिला, पुन्हा मूठ मुकुटावर धरली आणि उघडली. या वेळी पैसा मुठीत होता.

"आता देवी म्हणते, तुम्ही निर्दोष. महाराज, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तुम्ही चोर ठरलात आणि सावही. तुमची बोटं छाटायची असती तर आम्ही कुठला कौल धरायचा? पहिला की दुसरा?"

राजाने तिच्या तळव्यातला पैसा उचलून पाहिला. मग म्हणाला, "दिवाणजी, उजवा हात उघडा."

दिवाणजी राजाजवळ गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "विचार करा महाराज. आज एका पोरीच्या सांगण्यावरून दिवाणाने हात उघडला, तर उद्या हे लोक राजालाही हात उघडायला सांगतील."

हलकं बोलले, पण सगळं अंगण कान देऊन होतं, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. राजा विचारात पडला. मुलीला वाटलं, झालं, संपलं आता.

तेवढ्यात मागून काकणं किणकिणली. एका बाईने दोन्ही हात वर केले होते, तळवे उघडे. "आमचे बघा महाराज. आमचे उघडेच आहेत." शेजारणीने हात वर केले. मग तेल्याने, मग विणकरांनी, मग मुलीच्या बापाने. सगळ्या अंगणभर उघडे हात, आणि मनगटामनगटातून त्या कासाराच्याच बांगड्यांचा आवाज.

राजाने सगळीकडे पाहिलं. मग आपले दोन्ही सुरकुतलेले तळवे उताणे करून गुडघ्यांवर ठेवले. "उद्याची वाट कशाला? हे माझे हात. आता तुमचे, दिवाणजी."

दिवाणजींचा उजवा हात उघडला आणि चांदीचं नाणं पाराच्या पायरीवर पडलं.

पुजारी पुढे आला. त्याने धोतराच्या सोग्यातून नथ काढून राजासमोर ठेवली. "दिवाणजींनी लपवायला सांगितली होती, महाराज. नाही म्हणालो असतो तर पुढचा कौल माझ्यावर लागला असता."

राजाचा राग अनावर झाला. तो शिपायाला म्हणाला, "दिवाणाची बोटं छाट!"

"नको," म्हातारी उठता उठता म्हणाली. "ती बोटं काय करतात ते सगळ्यांनी पाहिलंय. आता ती कुणाच्या कामाची नाहीत." तेव्हा दिवाणजींना तसंच वेशीबाहेर काढलं.

मग कौलाने हद्दपार झालेल्यांना परत आणायला घोडेस्वार गेले. अकरा घरं उठली होती. सात परत आली. दोघांनी निरोप पाठवला, की आम्हाला आता त्या गावचं पाणी नको. दोन घरांतलं कुणीच उरलं नव्हतं. त्या दोन बंद दारांसमोर राजा स्वतः जाऊन उभा राहिला.

परतताना त्याने मुलीला बोलावलं. "तुझ्यामुळे आमचे डोळे उघडले. पण पोरी, भरल्या सभेत राजाला चोर ठरवायचा खेळ पुन्हा करू नकोस."

"तुम्ही पुन्हा कौल लावलात, महाराज, तर पुन्हा करीन," ती म्हणाली.

राजाने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने कौलाची घंटा देवळातून उतरवायला सांगितली. तेव्हापासून त्या राज्यात निवाडा करणारा माणूस, मग तो कुणीही असो, बोलायच्या आधी आपले दोन्ही हात लोकांसमोर उघडून दाखवतो.

तात्पर्य: आपली मूठ उघडून दाखवायला जो तयार नाही, त्याच्या निवाड्यापुढे मान तुकवू नये, मग आपले पाय कितीही लटपटत असोत.